परदेशात जाण्याआधी बँकेला कळवायलाच हवं का? कार्ड मध्येच बंद पडेल याची धास्ती वाटतेय

जाईजुई

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आई आणि मी अठरा दिवस परदेशात चाललोय. तीन देश आहेत, शिवाय जाताना-येताना एकेकदा विमान बदलायचंय. आईचा हा पहिलाच लांबचा प्रवास आणि पैशांचा सगळा कारभार माझ्याकडे, त्यामुळे झोप उडाली आहे.

ऑफिसमधली एक जण म्हणाली, बँकेला आधी कळवलं नाहीस तर पहिल्याच दुकानात कार्ड बंद पडेल. दुसरी म्हणाली, ते जुन्या काळचं झालं, आता कुणी कळवत नाही. बँकेच्या ॲपमध्ये शोधलं, तर 'प्रवासाची माहिती द्या' असं कुठे दिसलं नाही. परदेशी व्यवहार चालू-बंद करायचं एक बटण तेवढं सापडलं. ते चालू केलं की काम झालं का?

माझ्याकडे एक क्रेडिट आणि एक डेबिट कार्ड आहे, दोन्ही एकाच बँकेची. आईकडे माझ्याच क्रेडिट कार्डावरचं जोडकार्ड आहे. कळवायचं तर किती दिवस आधी, काय काय सांगायचं आणि जिथे फक्त विमान बदलायचंय तो देशही सांगायचा का? अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

पाठपिशवी

मी गेली पाच-सहा वर्षं फिरतोय, एकदाही कळवलेलं नाही आणि एकदाही अडलं नाही. बटण चालू करा आणि निर्धास्त जा.

रात्रपाळी

जाईजुई, मी सात वर्षं कार्ड-फ्रॉड विभागात रात्रपाळी केली आहे. संशयास्पद व्यवहारांचे अलर्ट आमच्या स्क्रीनवर यायचे आणि अडकलेल्या माणसांचे फोनही आम्हीच घ्यायचो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पाठपिशवी यांचं खोटं नाही. पुष्कळ बँकांनी प्रवासाची नोंद घेणं खरंच बंद केलंय. कारण कार्डावरची चिप. मागच्या काळ्या पट्टीत जी माहिती असते ती कायम तीच असते, त्यामुळे पट्टीची नक्कल करता येते. चिप मात्र प्रत्येक व्यवहाराला नवा सांकेतिक आकडा तयार करते, मागचा पुढच्या वेळी चालत नाही. अमेरिकेत ऑक्टोबर २०१५ पासून नियम बदलला: नकली कार्डाने फसवणूक झाली तर ज्या बाजूने चिपची सोय केलेली नाही, भुर्दंड तिच्यावर. तेव्हापासून तिथेही चिप झपाट्याने पसरली. मास्टरकार्डने २०२१ मध्ये जाहीर केलं आहे की २०३३ पर्यंत त्यांच्या एकाही क्रेडिट किंवा डेबिट कार्डावर पट्टी उरणार नाही. चिप घालून पिन दिला की बँकेची अर्धी शंका तिथेच फिटते. त्यात विमानाचं तिकीट त्याच कार्डावर काढलेलं असेल तर तुम्ही निघालाय हेही बँकेला दिसत असतं.

पण 'परदेशी व्यवहार' हे बटण आणि प्रवासाची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, यात फार जणांची गल्लत होते. बटण म्हणजे दार. ते बंद असेल तर व्यवहार आतच येत नाही. ते उघडलं तरी आत आलेल्या प्रत्येक व्यवहाराची तपासणी होतेच, आणि नोंदीचा उपयोग होतो तो तिथे.

तपासणी कशी होते ते सांगते. तुम्ही दुकानात कार्ड लावलं की एक छोटा संदेश बँकेकडे येतो. त्याची रचना आयएसओ ८५८३ या जगभरच्या मानकाने ठरलेली आहे. त्यात रक्कम असते, चलन असतं, देशाचा तीन आकडी क्रमांक असतो. दुकान कोणत्या प्रकारचं, त्याचा चार आकडी कोड असतो: एटीएमला ६०११, हॉटेलला ७०११, आपोआप चालणाऱ्या पेट्रोल पंपाला ५५४२. कार्ड कसं वाचलं गेलं हेही असतं, चिप असेल तर ०५, टॅप केलं तर ०७, पट्टी ओढली तर ९०. दुकानाचं नाव आणि गाव मिळून फक्त चाळीस अक्षरं. आमच्या स्क्रीनवर तुम्ही एवढेच असता, एक ओळ! सोबत आई आहे, हातात बॅगा आहेत, मागे रांग लागली आहे, यातलं त्या ओळीत काहीच नसतं. पापणी लवायच्या आत संगणक या ओळीला संशयाचे गुण देतो, आणि गुण ठरावीक रेषेच्या वर गेले की व्यवहार अडवतो.

आधी कळवलेलं असलं की या गुणांमधला 'देश अनोळखी' हा भाग त्या तारखांपुरता हलका होतो. बस, एवढंच. बाकीचे भाग जागच्या जागी राहतात. उतरल्या उतरल्या एटीएममधून मोठी रक्कम, लगेच एक महागडी इलेक्ट्रॉनिक खरेदी आणि तीही पट्टी ओढून, असं झालं तर दहा वेळा कळवूनही कार्ड अडेल. आणि ते अडावंच, कारण चोरही नेमकं हेच करतो. फोनवर लोक चिडायचे, 'मी कळवलं होतं ना!' त्यांचा राग मला कळायचा. कळवलं म्हणजे परवानगी मिळाली, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं असायचं.

आता यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. व्यवहार अडला की बँक तुम्हाला विचारते, 'हे तुम्हीच का?' मेसेज येतो, ॲपवर विचारणा येते नाहीतर फोन येतो. त्याला 'हो' म्हटलंत की बहुतेक वेळा कार्ड दोन मिनिटांत मोकळं. सगळं अडतं ते इथे, कारण हा प्रश्न ज्या नंबरवर जातो तो नंबर लोक विमानतळावर बंद करतात. तिथलं स्थानिक सिम घालतात आणि घरचं सिम डबीत ठेवून देतात.

एक रात्र मी विसरलेले नाही. साठीच्या पुढचे एक काका, पत्नीसोबत हॉटेलच्या काउंटरवर उभे. हॉटेलने अनामत म्हणून रक्कम अडवून ठेवायला कार्ड घेतलं, पट्टी ओढली, अडलं. पुन्हा ओढली, पुन्हा अडलं. दोन्ही वेळा आमच्याकडून मेसेज गेला. त्यांचा फोन घरी कपाटात होता. मग त्यांनी कार्डामागचा हेल्पलाइन नंबर हॉटेलच्या फोनवरून लावला, पण तो टोल-फ्री, देशाबाहेरून लागेना. शेवटी त्यांच्या मुलीने घरून आम्हाला फोन केला. ती रडकुंडीला आली होती. आणि मला तिला सांगावं लागलं की खातं तुमच्या नावावर नाही, मी तुमच्याशी याबद्दल एक शब्दही बोलू शकत नाही. नियम बरोबरच आहे, तो नसता तर कुणीही मुलगी होऊन फोन करेल. तिला मी बाहेरून लागणारा नंबर दिला, तिने तो हॉटेलला कळवला, त्यांचा फोन आला आणि चार प्रश्नांत काम झालं. तोवर ती दोघं अडीच तास लॉबीत बसून होती. त्यांनी प्रवास कळवलेला होता. नोंद माझ्यासमोर स्क्रीनवर दिसत होती.

म्हणून जाईजुई, कळव तर खरंच. दोन-चार दिवस आधी पुरे. महिनाभर आधी कळवलंस आणि मधे तारखा बदलल्या तर ती नोंद कामाची नाही. ॲपमध्ये पर्याय नसेल तर फोन करून विचार. 'आम्ही आता अशी नोंद घेत नाही' असं उत्तर आलं तर तेही ठीक. पण त्याच फोनवर हे विचारून घे: माझा कोणता मोबाइल नंबर आणि कोणता ईमेल तुमच्याकडे आहे? परदेशातून कोणत्या नंबरवर फोन करायचा? कार्डावर दिवसाची मर्यादा किती, आणि एटीएमची वेगळी किती?

विमान बदलायचा देश अवश्य सांग. विमान चुकलं किंवा रद्द झालं की रात्रीचं हॉटेल तिथेच घ्यावं लागतं, आणि दमलेल्या माणसाचं कार्ड अडायला याहून वाईट वेळ नाही. परतीची तारीख एक-दोन दिवस पुढची दे.

घरच्या सिमचं रोमिंग चालू ठेव. डेटा बंद ठेवलास तरी मेसेज येतो, त्याला इंटरनेट लागत नाही. दोन सिमचा फोन असेल तर प्रश्नच मिटला.

पाठपिशवी

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी माझं उत्तर मागे घेतो. माझं कधी अडलं नाही, कारण माझ्या फोनमध्ये दोन सिम आहेत आणि घरचं सिम कायम चालू असतं. दोनदा 'हे तुम्हीच का' असा मेसेज आला होता, मी हो म्हणून पुढे गेलो. ते अडणंच होतं, हे आज कळलं.

सुईदोरा

पिनबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितेय.

क्रेडिट कार्डाचा पिन मला ठाऊकच नव्हता, कधी लागलाच नव्हता. रात्री साडेदहाला स्टेशनवर पोचले, तिकीट खिडकी बंद, फक्त मशीन चालू. मशीनने पिन मागितला. मी दोन वेळा अंदाजाने टाकला आणि तिसऱ्यांदा टाकायला बोट उचललं तेवढ्यात मागच्या बाईंनी अक्षरशः हात धरून थांबवलं. तिसऱ्यांदा चुकलं असतं तर कार्ड अडकलं असतं. त्यांनी माझं तिकीट काढलं, मी त्यांना रोख पैसे दिले. तेवढी रोकड जवळ होती म्हणून निभावलं.

दुसरं, तुमचा पिन अक्षरांवरून लक्षात ठेवलेला असेल, म्हणजे एखादा शब्द, तर आकडे पाठ करा. सगळ्या मशीनच्या बटणांवर अक्षरं नसतात. आणि बोटांच्या सवयीवरही विसंबू नका.

रात्रपाळी

सुईदोरा, हे राहूनच गेलं होतं. बरं झालं लिहिलंत. घरून निघायच्या आधी प्रत्येक कार्ड एकदा तरी पिन टाकून वापरून पाहावं. नवा पिन काही बँका टपालाने पाठवतात, त्यात दिवस जातात. आणि क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख काढणं टाळा, बहुतेक ठिकाणी त्यावर त्याच दिवसापासून व्याज सुरू होतं. रोख हवी तर डेबिट.

नाकारलेल्या व्यवहाराबद्दलही सांगते. दुकानदाराच्या मशीनवर नुसतं 'नाकारलं' दिसतं, पण मागे दोन आकडी कारण असतं आणि कधीकधी ते पावतीवर छापून येतं. ५१ म्हणजे शिल्लक किंवा मर्यादा पुरेशी नाही. ५५ म्हणजे पिन चुकला, ७५ म्हणजे पिनच्या संधी संपल्या. ९१ म्हणजे तुमच्या बँकेशी संपर्कच झाला नाही, थोड्या वेळाने पुन्हा करून बघा. ०५ मोघम आहे, बँक 'नको' म्हणते पण का ते सांगत नाही. त्यासाठी फोनच करावा लागतो. कारण माहीत नसताना एकामागून एक चार वेळा कार्ड लावत राहू नका. ती प्रत्येक खेप संगणकाला आणखी संशयास्पद वाटते. आधी फोन बघा, मेसेज आलाय का.

जाईजुई

रात्रपाळी ताई, खूप खूप आभार. त्या काका-काकूंचं वाचून पोटात गोळा आला, कारण माझा बेत तंतोतंत तोच होता, तिथे गेल्यावर सिम बदलायचं.

आता आईबद्दल. तिचं जोडकार्ड माझ्याच खात्यावर आहे, पण ती साधा बटणांचा फोन वापरते. माझ्या कार्डाला काही झालं तर तिचं चालेल, असं मी धरून चालले होते. बरोबर आहे का?

रात्रपाळी

आत्ता उठ, दोन्ही कार्डं टेबलावर शेजारी शेजारी ठेव आणि पूर्ण नंबर ताडून बघ. नंबर एकच असेल तर ती नावाला दोन आहेत. तुझं हरवलं म्हणून बंद केलंस की त्याच क्षणी आईचंही बंद. नंबर वेगळे असतील तर तिचं चालू राहू शकतं, पण दोघींची मर्यादा सामायिक असते, आणि खात्यावरच शंका आली तर बँक दोन्ही थांबवू शकते.

आणखी एक. तुझी तिन्ही कार्डं एकाच बँकेची आहेत. त्या बँकेची यंत्रणा रात्री दोन तास देखभालीसाठी बंद राहिली तर तिथे तुमची भर दुपार असू शकते, आणि तिन्ही एकदम गप्प. दुसऱ्या बँकेचं एखादं कार्ड, मग ते किरकोळ शिलकीचं डेबिट का असेना, सोबत असू दे. ते पाकिटात नको, आईच्या पिशवीत. कार्ड खरंच चोरीला गेलं तर नवं कार्ड तुझ्या घरच्या पत्त्यावर जाणार, तुझ्या हॉटेलवर नव्हे. काही ठिकाणी तातडीने तिथे पाठवतात, पण त्या भरवशावर राहू नये.

बँकेचा बाहेरून लागणारा नंबर, देशाच्या कोडसकट, कागदावर लिही. दोन चिठ्ठ्या कर, एक तुझ्याकडे आणि एक आईकडे. हे मी कळकळीने सांगतेय. कार्डामागे नंबर छापलेला असतो, आणि तो नेमका हवा असतो तेव्हा कार्डच गेलेलं असतं. फोनमध्ये ठेवलास तर फोन आणि पाकीट एकाच पर्समधून जातात.

प्रवासात 'बँकेतून बोलतोय, तुमच्या कार्डावर तिथे संशयास्पद व्यवहार झालाय' असा फोन आला तर घाबरू नकोस. माणूस परक्या गावात असतो तेव्हा असा फोन चटकन खरा वाटतो. आम्ही खरेच असे फोन करायचो, पण विचारायचो एवढंच की हा व्यवहार तुम्ही केलात का. पिन किंवा ओटीपी मी सात वर्षांत एकदाही मागितला नाही, मागायची पद्धतच नव्हती. शंका आली तर फोन ठेव आणि चिठ्ठीवरचा नंबर स्वतः लाव.

मोरपंखी

ताईंना पुस्ती. गाडी भाड्याने घेताना किंवा हॉटेलात डेबिट कार्ड देऊ नका, क्रेडिट द्या. अनामत म्हणून जी रक्कम अडवतात ती डेबिट असेल तर तुमच्या खात्यातली असते आणि सुटायला काही दिवस लागू शकतात. आमची अशी अडकली आणि सहलीच्या शेवटच्या दोन दिवसांत हात आखडता घ्यावा लागला.

आणि मशीनने 'तुमच्या चलनात घेऊ का' विचारलं तर नाही म्हणा, तिथलंच चलन निवडा. आपल्या चलनात आकडा दिसला की बरं वाटतं, पण तो दर दुकानाच्या बाजूने लावलेला असतो आणि बहुतेक वेळा महाग पडतो.

जाईजुई

मंडळी, आज बँकेला फोन केला. इथे लिहून ठेवते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

कार्डं ताडून पाहिली. आईचं आणि माझं, नंबर एकच! दोन वर्षं वापरतोय, कधी लक्षातच आलं नाही.

फोनवरच्या मुलीने नोंद घेतली. तिन्ही देश, विमान बदलायचा चौथा, परतीनंतरचे दोन दिवस धरून. डेबिट कार्डाची नोंद वेगळी करावी लागली, मी विचारलं नसतं तर तिने फक्त क्रेडिटची केली असती. बाहेरून लागणारा नंबर घेतला, आणि ती फोनवर असतानाच दोन चिठ्ठ्या लिहिल्या.

मग ताईंनी सांगितलेला प्रश्न विचारला, तुमच्याकडे माझा कोणता नंबर आहे? तिने शेवटचे चार आकडे सांगितले. क्रेडिट कार्डावर माझा आत्ताचा नंबर होता. डेबिट कार्डाच्या खात्यावर होता तो मी कॉलेजात असतानाचा, बाबांच्या नावावरचा, जो बाबा गेल्यावर आम्ही बंद केला. म्हणजे त्या कार्डावर काही अडलं असतं तर विचारणा कुठे गेली असती, कुणास ठाऊक. नंबर फोनवरून बदलत नाहीत म्हणे, ओळखपत्र घेऊन शाखेत जावं लागतं. उद्या सकाळी शाखा उघडताच जातेय. आईही येतेय, तिच्या नावाने दुसऱ्या बँकेतलं एक जुनं बचत खातं आहे, त्याचं कार्ड तिने पाच वर्षांत पाकिटातून बाहेरच काढलेलं नाही. तिथला पिनही तिलाच नव्याने घ्यावा लागणार.

रात्रपाळी

पाच वर्षं झाली असतील तर पिनच्या आधी कार्डाची मुदत बघा. संपली असेल तर नवं कार्ड यायला आठवडा-दोन आठवडे जाऊ शकतात, म्हणून उद्याच अर्ज करून या.